कापशीची कुंची

पाय पोटाशी घ्या, पांघरूण कानापर्यंत ओढा, आणि एक लक्षात ठेवा, मधे कुणी शिंकायचं नाही. या गोष्टीत शिंकायचा मान एकाच जणीचा आहे, आणि ती आहे परी. परीला कशी हो सर्दी होते, असं आत्ताच विचारू नका. जरा दम धरा.

तर उंच डोंगराच्या कुशीत लोकरवाडी नावाचं एक चिमुकलं गाव होतं. घरोघरी माग, आणि माणसं सगळी सणगर, म्हणजे घोंगड्या विणणारी. मेंढरं गावात असली की तिथे आनंदीआनंद असायचा. पण दिवाळी सरली की मेंढके आपली मेंढरं घेऊन खालच्या मुलखात उतरायचे, ते थेट पावसाच्या तोंडावर परतायचे. तोवर लोकर नाही, लोकर नाही म्हणून घोंगडी नाही, आणि घोंगडी नाही म्हणून भाकरी अर्धीच.

त्या गावात येसू नावाची एक मुलगी राहायची. नाकावर दोन तीळ, पाठीवर एक पिटुकली वेणी. घरात तिची आई, बापू, आणि आता एक नवा पाहुणा आला होता. येसूला भाऊ झाला होता! पण या पाहुण्याला भारी घाई. यायचा त्याच्या कितीतरी आधी आला आणि आला तो इवलासा, ओंजळीत मावेल एवढा. त्याचे हातपाय सारखे गार पडायचे. होळी झाली की थंडी पळते म्हणतात ना? लोकरवाडीची थंडी तसली नव्हती. होळीची पोळी खाऊन ती पुन्हा मुक्कामाला यायची.

बाळाला जुन्या लुगड्यात गुंडाळलं तर ते कुडकुडायचं. घोंगडीत गुंडाळलं तर घोंगडी टोचायची, अंगावर लाल लाल पुरळ उठायचं, आणि बाळ रडून रडून निळं व्हायचं. गोधडी होती, पण ती इतकी जड की तिच्याखाली बाळ कुठे आहे तेच सापडेना!

भागूमावशी सुईण रोज यायची. डोळ्यांनी तिला अंधूक दिसायचं, पण बोटांना सगळं कळायचं. बाळाच्या तळव्यांना हात लावून ती येसूच्या आईला म्हणायची, "गोदे, याला ऊब हवी गं. पण मऊ ऊब. घोंगडीची नाही, गोधडीची नाही. आईच्या कुशीसारखी, पण कुशीतून उतरल्यावरही टिकणारी."

अशी ऊब आणायची कुठून?

आणि हो, घरात आणखी एक जण होती. कापशी! कापशी म्हणजे येसूची मांजर. अंग सायीच्या रंगाचं, शेपूट धुराच्या रंगाची, आणि डोळे पिकल्या करवंदासारखे काळेभोर. लहान असताना ती लोकरीच्या टोपलीत भिजलेली सापडली होती. येसूने तिला दुधात बोट बुडवून चाटायला देऊन वाढवलं होतं. येसू रडली की कापशी तिच्या कुशीत शिरायची आणि घुर्र घुर्र करायची, मग येसूला आपण का रडत होतो तेच आठवायचं नाही.

फक्त एक भानगड होती. वसंत आला, पळस पेटले, पांगारे लाल झाले, आणि कापशीचे केस गळायला लागले. केस म्हणजे किती? उंबऱ्यावर केस, चुलीजवळ केस, पाण्याच्या घड्यावर केस. कापशी नुसती अंग झाडायची, की घरात पांढरं धुकं उतरायचं.

बाळंतिणीचं करायला म्हणून हौसाआत्या आली होती, बापूची मोठी बहीण. आत्या कामाला वाघीण आणि तोंडाला लवंगी फटाकडी. पहिल्याच दिवशी तिने भाकरी मोडली, तर आतून एक लांबलचक पांढरा केस निघाला.

"अगं बाई बाई बाई!" आत्या ओरडली. "ही मांजर आहे की पिंजाऱ्याचं दुकान? संतू, इकडे ये! हा केस उद्या बाळाच्या नाकात गेला म्हणजे? आधीच एवढंसं लेकरू, त्याला श्वास घ्यायला नाक तरी केवढं? बारशाला मी त्याच्या कानात नाव सांगेन, आणि त्याच दिवशी ही बया पोत्यात आणि पोतं नदीपार. ऐकलंस?"

"हो अक्का," बापू म्हणाला. अक्कापुढे बापूचं काही चालायचं नाही. लहानपणी चाललं नव्हतं, आणि आता मिशा आल्यावरही चालत नव्हतं.

"आत्या, तिला नका ना पाठवू," येसू म्हणाली. "नदीपार तिचं कुणीच नाही."

आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आत्या वाईट नव्हती हो. पण बाळाची काळजी तिच्या छातीवर धोंड्यासारखी बसली होती. "येसूबाई, मांजरीला चार पाय आहेत," ती म्हणाली, "जाईल कुठेही. बाळाला कुठे जाता येतं?"

येसूला कापशीही हवी होती आणि बाळही. तिने लोकर विंचरायची बापूची जुनी लाकडी फणी उचलली, कापशीला काखेत मारलं आणि घरातून बाहेर पडली. घरात केस गळतात ना? मग ते रानात जाऊन गळू देत.

गावाच्या वर बिरोबाची राई होती. आकाशाला टेकलेली झाडं, हिरवागार अंधार, आणि त्यातून सांडणाऱ्या सोनेरी कवडशांचं नाचणं. त्या राईचा नियम लोकरवाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. तिथलं पान तोडायचं नाही, फांदी मोडायची नाही. आपोआप गळलं असेल तर हात जोडून उचलावं.

येसू एका दगडावर बसली आणि कापशीला हळूहळू विंचरू लागली. कापशी डोळे मिटून घुरघुरत होती. फणी फिरली की पांढरे पांढरे पुंजके सुटायचे आणि कवडशांत तरंगायचे. तेवढ्यात भुर्रकन एक इवलीशी शिंजीर आली. अंगठ्याएवढा तो पक्षी, पण धीट केवढा! येसूच्या गुडघ्यावरचा पुंजका तिने चोचीत धरला आणि पसार झाली.

येसू तिच्या मागे गेली. करवंदीच्या जाळीत एक लांबुळकं घरटं लोंबत होतं. येसूने टाचा उंचावून आत डोकावलं. कापशीच्या केसांच्या मऊ मऊ गादीवर दोन पिटुकली पिलं गाढ झोपली होती. अंगावर पीस नाही, पण थंडीचं नाव नाही!

"अगंबाई," येसू पुटपुटली. "पाखराच्या पिलाला चालतं, मग माझ्या बाळाला का नाही?"

सणगराची पोर ती! पुंजका हातात आला की बोटं आपोआप पीळ घालायला लागतात. तिने केस मांडीवर ठेवून वळायला सुरुवात केली. पण छे! लोकर कशी एकमेकांना बिलगते, हे केस तर निसटूनच जात. वळले की सुटले, वळले की सुटले. इकडे सुटलेले केस हवेत उडाले, आणि...

"आऽऽऽक्छी!"

येसू दचकली. कापशीने कान टवकारले. एक पुंजका कवडशात गिरक्या घेत वर गेला, चमकला, लखलखला, आणि त्यातून एक परी बाहेर पडली. परी होती येसूच्या हाताएवढी. घागरा पांगाऱ्याच्या लाल पाकळ्यांचा, कमरेला सापाच्या कातेची रुपेरी पट्टी, केसांत मोराचं तुटकं पीस. पंखांवर इकडे निळं आणि तिकडे पिवळं ठिगळ. आणि नाक? नाक शिंकून शिंकून लालेलाल!

"किती उडवतेस गं बाई!" नाक पुसत परी म्हणाली. "मी सांडुली परी. जगात जे जे सांडतं, गळतं, झडतं ते ते माझं. पानं गळली की मी वेचते, पिसं पडली की मी वेचते. पण मांजरीचे केस! हे वेचताना माझा जीव जातो. आऽऽक्छी! तुला काय हवंय यांचं?"

येसूने हात जोडले आणि सगळं सांगितलं. बाळाची थंडी सांगितली, आत्याचं पोतं सांगितलं, निसटणारे केस सांगितले. सांगता सांगता तिच्या डोळ्यांतून दोन थेंब सांडले. सांडलेलं सगळं सांडुलीचं, म्हणून परीने ते थेंब अलगद झेलले आणि कानात डूल म्हणून घातले.

"आसवं दिलीस, आता तुझ्या तीन इच्छा माझ्याकडे," परी म्हणाली. "पण नियम ऐक. जे आपोआप गळलं असेल तेच घ्यायचं, ओढून काढलेल्या एका केसानेही सगळी जादू विरून जाईल. दुसरं, मी आयती वस्तू देत नाही, हात तुझेच चालले पाहिजेत. आणि कुणी विचारलं, हे कशाचं केलं, तर खरं सांगायचं, मग काही होवो."

(नियम तीनच असतात. चौथा असला तर मुलं विसरतात, आणि मोठी माणसं तर दुसराच विसरतात.)

"मग माझी पहिली इच्छा," येसू म्हणाली. "या केसांचं सूत होऊ दे."

परीने एक पुंजका बोटांत फिरवला. "हे आहेत आखूड आणि गुळगुळीत. एकमेकांचा हात धरतच नाहीत. त्यांना हात धरणारं कुणीतरी सोबतीला हवं." एवढं बोलून तिने घाटवाटेकडे फुंकर घातली, आणि काय आश्चर्य! मेंढरं ज्या वाटेने खाली गेली होती, त्या वाटेवरच्या काटेरी झुडपांत लुकलुक लुकलुक दिवे लागले. हिरवे, निळे, केशरी! येसू धावत गेली. ते दिवे म्हणजे काट्यांना अडकून राहिलेली लोकर होती. खाली खाली, जिथे कोकरं अंग घासून गेली होती तिथे कोकरांची पहिलीवहिली लोकर, दवात धुऊन मऊ झालेली. येसूने परकराचा ओचा भरून घेतला.

मग चिमूटभर लोकर आणि दोन चिमट्या कापशी, असं तिने पिंजलं. टकळी फिरवली. गर्र गर्र गर्र! आणि बघा तरी, सूत निघालं! सायीच्या रंगाचं, धुराची एक बारीक रेघ असलेलं, मऊसूत सूत. येसूने ते गालाला लावलं आणि तिला हसूच फुटलं.

रोज सकाळी ती राईत जायची, कापशीला विंचरायची, सूत कातायची. तिच्यासाठी बापूने कधीतरी खेळायला वीतभर माग करून दिला होता. त्यावर बाळाची कुंची विणायची, असं तिने ठरवलं. कुंची ठाऊक आहे ना? डोक्यावर टोपी आणि पाठीवर लांब झूल, बारशाला बाळाला घालतात ती.

बापूने एकदा विचारलं, "येसू, कशाचं गं हे सूत?"

"कापशीच्या गळलेल्या केसांचं, बापू. आणि काट्यांवरच्या लोकरीचं. परीने सांगितलं."

"असं का," बापू म्हणाला. परीवर त्याचा विश्वास बसला नसावा, पण तो गुपचूप उठला आणि त्या वीतभर मागाची सैल झालेली दोरी घट्ट बांधून दिली.

आता चूक कशी झाली ते ऐका. ही चूक फक्त सणगराच्या घरातच होऊ शकते, तुमच्याआमच्याकडून ती झालीच नसती. सणगर काय करतात, सूत कातलं की त्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजायचे, कुटायचे, शिजवून दाट पेज करायची आणि सुताला चोपडायची. मग सूत ताठ होतं, तुटत नाही, घोंगडी टिकते. येसूच्या पणज्याने लावली, आज्याने लावली, बापूने लावली. येसूनेही काही विचार न करता, हातात सूत आलं तशी खळीच्या मडक्यात बुडवली लडी, उन्हात वाळत घातली आणि गाणं गुणगुणत भांडी घासायला गेली.

परत येऊन बघते तर काय! सूत उडदाच्या पापडासारखं कडक झालं होतं. हात लावला की कडकड वाजायचं. घोंगडीपेक्षा जास्त टोचायचं!

"अशी कशी मी खुळी!" येसू मटकन खाली बसली. इतक्या दिवसांचं काम, आणि बारसं तर आलंच होतं तोंडावर.

ती धावत राईत गेली. परी आधीच शिंकत बसली होती. "सांडुली, मी खळ लावली! माझी दुसरी इच्छा, सूत पुन्हा मऊ होऊ दे."

परी खो खो हसली. "वेडाबाई, रडतेस काय? हात शिकतात ते विसरायला त्यांना वेळ लागतो." तिने टाळी वाजवली. रिठ्याच्या झाडाखाली पडलेले रिठे टुणटुणत, उड्या मारत येसूच्या पायाशी गोळा झाले. येसूने कोमट पाण्यात ते कुस्करले. केवढा फेस आला! एकेका बुडबुड्यात एकेक इंद्रधनुष्य, आणि एका बुडबुड्यात तर कापशीचं नाक. फेसात सूत बुडवलं, हलवलं, खळाळत्या झऱ्यात धुतलं. खळ वाहून गेली. सूत वाळलं ते असं फुलून आलं, असं फुलून आलं, की प्रत्येक धाग्याभोवती उजेडाचं बारीक वलय दिसायला लागलं.

आणि एक गंमत सांगू? इकडे घरात आत्या भाकरी मोडून पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघत होती. "बऱ्याच दिवसांत केस नाही सापडला," ती पुटपुटली. सापडेल कसा? केस सगळे राईत गळत होते. पण आत्या एकदा बोलली की बोलली. पोतं तिने धुऊन वाळत घातलं होतं.

येसूने मनाशी पक्कं केलं होतं. तिसरी इच्छा कापशीसाठी. बारशाच्या सकाळी मागायची, की कापशी घरातच राहू दे. ती इच्छा तिने मुठीत दाणा धरावा तशी जपून ठेवली होती.

पण बारशाच्या आदल्या दिवशी डोंगरावरून बोचरा वारा सुटला. दाराच्या फटीतून, भिंतीच्या भेगेतून घुसायला लागला. बाळाची बोटं गार पडली. त्याने दूध सोडलं. रडायचंसुद्धा थांबलं, आणि ते रडत होतं तेव्हापेक्षा आता सगळ्यांना जास्त भीती वाटली. भागूमावशी त्याचे तळवे चोळत राहिली. आई त्याला छातीशी धरून बसली होती. आत्या कोपऱ्यात तोंड फिरवून पदराने डोळे पुसत होती.

कुंची अर्धीच झाली होती. टोपी होती, झूल नव्हती. आणि सूत संपलं होतं!

येसूने कापशीला मांडीवर घेतलं. पाठ विंचरली, एक केस निघाला नाही. गळायचे ते सगळे गळून गेले होते. पोटाखाली मात्र दाट मऊ लव होती. जरा ओढली तर? येसूची बोटं लवेपाशी गेली. कापशीने तिच्याकडे विश्वासाने बघितलं आणि घुर्र केलं. येसूने हात मागे घेतला.

ती राईत पळाली. शिंजीरचं घरटं वाऱ्यावर हेलकावत होतं. आत गादी होती, पण गादीवर पिलं होती. "नाही गं," येसू शिंजीरला म्हणाली, "तुझ्या बाळांचं नाही घेणार." आणि तिने हाक मारली, "सांडुली! माझी तिसरी इच्छा. बाळाला पुरेल एवढं गळलेलं मला मिळू दे."

परी खाली उतरली. या वेळी ती शिंकली नाही. "येसू, ही शेवटची आहे. मग कापशीसाठी मागायला काही उरणार नाही."

येसूला हुंदका फुटला. "ठाऊक आहे. पण कापशीला मी नदीपार जाऊन भेटेन, रोज भेटेन. बाळ गेलं तर त्याला कुठे जाऊन भेटू?"

परीने येसूच्या नाकावरच्या दोन तिळांची हळूच पापी घेतली. मग तिने दोन्ही हात पसरले, आणि सगळ्या लोकरवाडीत वारा एकदम थबकला. वसंत लागल्यापासून कापशीचे जे जे केस उडाले होते ते सगळे जागे झाले. छपरांवरून उठले, मागांखालून उठले, भिंतींच्या भेगांतून निघाले. आत्याच्या लुगड्यावरून तर एवढे निघाले, की आत्या स्वतःभोवती गिरकी घेऊन बघायला लागली. सगळे केस उन्हात चमचमत, गोल गोल फिरत, पांढऱ्या ढगासारखे राईकडे आले आणि येसूच्या ओच्यात उतरले. कापशी त्यांच्या मागे उड्या मारत आली. शेवटी शिंजीर आली आणि आपल्या गादीच्या काठचा एक पुंजका चोचीने टाकून गेली. न मागता दिलेला!

मग येसू घरी आली, चुलीपाशी बसली, उरलेली चिमूटभर लोकर केसांत पिंजली आणि टकळी फिरवत राहिली, माग चालवत राहिली. बोटं दुखली, तरी थांबली नाही. दिवेलागणीला तिने शेवटची गाठ मारली आणि कुंची बाळाच्या अंगावर घातली.

आणि कुंचीने काय करावं? घुर्र, घुर्र, घुर्र. अगदी हळू, कान लावला तरच ऐकू येईल असं. बाळाची बोटं गुलाबी झाली. त्याने तोंड चाळवलं आणि चुटूचुटू दूध प्यायला लागलं.

भागूमावशीने कुंचीवरून बोटं फिरवली. "हीच गं हीच ती ऊब!" ती म्हणाली.

"येसू," आत्याने विचारलं, "एवढी मऊ लोकर आणलीस कुठून?"

झालं! येसूला वाटलं, खरं सांगितलं तर आत्या कुंचीच ओरबाडून काढेल. पण नियम म्हणजे नियम. "कापशीची आहे, आत्या. तिच्या गळलेल्या केसांची. रिठ्याने धुतलेली आहे, एक केस सुटायचा नाही."

आत्या बाळाकडे बघत राहिली, आणि मग उठून पाणी प्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी बारसं. दाराला आंब्याचा टहाळा, पाळण्याला झेंडूच्या माळा, परातीत घुगऱ्या. बायकांनी घर भरलं. पण दाराशी घडी घातलेलं पोतं होतं, आणि येसू कापशीला शोधत होती, निदान एकदा पोटाशी धरावी म्हणून. कापशीचा मात्र पत्ता नव्हता.

बारशात आधी काय करतात ठाऊक आहे ना? बाळाच्या आधी वरवंट्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यावरून फिरवतात. भागूमावशीने पाळण्याशेजारचं दुपट्याचं गाठोडं उचललं. "आज वरवंटा बाई बराच हलका लागतोय," ती म्हणाली. डोळ्यांना कुठे दिसत होतं तिच्या! "कुणी गोविंद घ्या!"

"कुणी गोपाळ घ्या!" म्हणत आत्याने पलीकडून हात पुढे केले आणि गाठोडं घेतलं.

"म्याऊ!" गाठोडं म्हणालं.

"अगं बाईऽऽ!" आत्या किंचाळली. दुपट्यातून धुराच्या रंगाची शेपूट बाहेर आली, मग दोन कान, मग झोपाळलेली कापशी! वरवंटा बिचारा पाटाखाली पडला होता, आणि मऊ दुपटं बघून कापशीने त्याच्या जागी ताणून दिली होती. बायका पोट धरधरून हसल्या. आईसुद्धा कितीतरी दिवसांनी हसली. येसूला मात्र हसू येईना. ती आत्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हौसाबाई, आता काही खरं नाही," भागूमावशी म्हणाली. "पाळण्यावरून जे हातात येतं ते घरचं लेकरू. गोपाळ म्हणून घेतलंस ना? मग गोपाळाला कुणी पोत्यात घालतं का?"

आत्याने कापशीला एका हाताने धरलं आणि नाव सांगायला ती पाळण्यात वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि तिथे तिला ते ऐकू आलं. घुर्र, घुर्र, घुर्र. कुंचीत तीच घुरघुर, आणि तिच्या काखेतही तीच. बाळ गुलाबी ओठ मुडपून हसत होतं. आत्या तशीच वाकून राहिली. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब कुंचीवर पडला.

"बिरू," ती बाळाच्या कानात म्हणाली. "बिरू नाव तुझं. आणि ही तुझी थोरली बहीण कापशी. आणि त्याहून थोरली येसू, जिने तुला राखलं." मग सरळ होऊन तिने नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "संतू! ते पोतं आण इकडे."

बापू पोतं घेऊन आला.

"खुंटीला टांग," आत्या म्हणाली. "आता हे पोतं कापशीचं. दर वसंतात मांजर पोत्याबाहेर आणि तिचे केस आत. पुढच्या वर्षी मला पण एक हवी, कानटोपी. माझे कान काय कमी गार पडतात?"

येसू धावत गेली आणि आत्याला बिलगली. मधे कापशी चेंगरली, पण तिने तक्रार केली नाही.

संध्याकाळी येसू राईत गेली. घुगऱ्यांचा द्रोण घेऊन परीसाठी. सांडुली काटेसावरीच्या फांदीवर पाय हलवत बसली होती.

"सांडुली, माझ्या इच्छा तर संपल्या होत्या," येसू म्हणाली. "मग आत्याला तू समजावलंस का?"

"मी? छे गं!" परी म्हणाली. "मी फक्त गळलेलं उचलते. माणसाचा हट्ट ओढून निघत नाही, तोही मांजरीच्या केसांसारखाच. माया लावून कुणी विंचरत राहिलं, की आपोआप गळतो. तुझ्या आत्याचा गळला, तो बघ, मी उचलूनसुद्धा आणला." तिच्या मुठीत एक करड्या रंगाचा इवलासा पुंजका होता. तिने तो पंखाच्या ठिगळात खोवला.

मग तिने घुगऱ्यांचा एक दाणा उचलला आणि येसूच्या गालावरून बोट फिरवलं. तेवढ्यात कापशीने येऊन अंग झाडलं. एकच केस उडाला, नेमका परीच्या नाकाशी.

"आऽऽ... आऽऽ... आऽऽऽक्छी!"

शिंकेसरशी सोनेरी, लाल, निळा उजेड सगळ्या राईत फाकला. पानापानावर चांदणं सांडलं, काटेसावरीची बोंडं फटाफट फुटली आणि पांढरा कापूस तरंगायला लागला. उजेड हळूहळू विरला तेव्हा फांदी रिकामी होती. येसूने कापशीला उचललं आणि ती घराकडे निघाली. दारात आत्या उभी होती, एका हातात फणी आणि दुसऱ्या हातात दुधाची वाटी घेऊन.

संपली गोष्ट. आता शिंका खुशाल.